अकराव्या तासाचा हात

प्रति,
मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय
आणि ज्यांच्या गाड्यांचे पार्ट आम्ही ठोकतो, त्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे खरेदी विभाग

विषय: कारखान्यात १२ तास कामाला परवानगी देण्याआधी पॉवर प्रेसला गार्ड लावण्याबाबत

महोदय,

गौरी-गणपती गावाकडे आटोपून आम्ही भोसरीला परतलो आणि त्याच संध्याकाळी, ३ सप्टेंबरला, मुलीने मोबाईलवरची बातमी वाचून दाखवली. कारखान्यातली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली. विश्रांतीची सुट्टी ५ तासांऐवजी ६ तासांनी. तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ तासांवरून १४४ तासांवर. कामगाराची लेखी संमती घेणार, जादा कामाचे दुप्पट पैसे देणार, आणि यातून राज्यात गुंतवणूक येणार.

मुलीने विचारलं, "बाबा, तुम्ही तर आधीपासूनच बारा तास जाता ना?" मला उत्तर देता आलं नाही. ते उत्तर या पत्रात देतो आहे.

मी २६ वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या शेडमध्ये आहे. १९९९ साली लातूर जिल्ह्यातून हेल्पर म्हणून आलो, मग ऑपरेटर, मग डाय सेटर (प्रेसवर डाय, म्हणजे साचा चढवणारा), आता सुपरवायझर. माझ्या डाव्या तर्जनीचं पहिलं पेर २००३ साली ३० टनाच्या प्रेसखाली गेलं. कायद्याच्या तक्त्यात तर्जनीच्या एका पेराची किंमत ९ टक्के आहे, पूर्ण तर्जनीची १४, अंगठ्याची ३०. आमच्या लाइनमध्ये हे आकडे पोरांना पाढ्यासारखे पाठ असतात. पण मी माझ्या बोटासाठी लिहीत नाही. माझ्या हाताखालच्या एका पोराची दोन बोटं गेली, आणि त्या प्रेसचा हात आत जाऊ न देणारा गार्ड मीच काढलेला होता, म्हणून लिहितो आहे.

जानेवारी २०२२. रात्री आठ ते सकाळी आठची पाळी. पोरगा हिंगोली जिल्ह्यातला, वीस वर्षांचा, ठेकेदाराचा कामगार, येऊन पाच महिने झालेले. ६३ टनाच्या प्रेसवर ब्रॅकेटची नवी डाय चढवली होती. जुना गार्ड त्या डायला बसत नव्हता, पत्रा आत सरकवायची खाच लहान पडत होती. खाच वाढवायला वेल्डिंगच्या बेंचवर दोन तास लागले असते. सकाळी नऊला गाडी भरून जायची होती. मी म्हणालो, "आजची रात्र काढ, उद्या गार्ड करून घेऊ." तो म्हणाला, "हो काका."

सकाळी पावणेसातला, म्हणजे पाळीच्या अकराव्या तासाला, एक पीस खालच्या डायमध्ये अडकला. त्याने तो उचकटायला हात घातला आणि प्रेस खाली आला. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. मी मेन स्विच पाडला, त्याचा हात फडक्यात गुंडाळला. गाडीत बसताना तो मला म्हणाला, "काका, तेवढे पीस लिहून घ्या."

त्याचं बोट कशानं गेलं हे मला आजही माहीत नाही. पाय चुकून पेडलवर पडला, की क्लचची पिन झिजल्यामुळे प्रेसने आपोआप दुसरा स्ट्रोक मारला? हे शोधायचं तर मशीन जागेवर थांबवून क्लच खोलावा लागतो. दुपारी बाराला डाय पुसून त्याच प्रेसवर दुसरा पोरगा उभा केला होता.

रुग्णालयात काय सांगायचं ते मला फोनवर सांगण्यात आलं: मोटारसायकलच्या चेनमध्ये हात गेला. मी तसं सांगितलं. माझ्या दोन मुलांची शाळा होती, घराचा हप्ता होता. ही कारणं खरी आहेत आणि तरी ती पुरत नाहीत. त्याची आई तिसऱ्या दिवशी एसटीने आली. तिने मला फक्त एवढंच विचारलं, "तुम्ही होता ना भाऊ तिथं?"

आता माझ्या तक्रारी सांगतो.

सगळ्यात आधी, ज्यांनी कधी प्रेस जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी हे मशीन थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. छोट्या शॉपमधले बहुतेक जुने प्रेस पिन क्लचचे असतात. मोठं चाक सतत फिरत असतं. पेडल दाबलं की पिन चाकात अडकते आणि वरचा पंच खाली येतो. एकदा पिन अडकली की पूर्ण फेरा होईपर्यंत तो प्रेस कोणीही थांबवू शकत नाही. पेडलवरून पाय काढला तरी नाही, लाल बटण दाबलं तरी नाही. मिनिटाला ६० स्ट्रोकचा प्रेस असेल तर पंच वरून खाली यायला अर्धा सेकंद लागतो. डोळ्याने पाहून हात मागे घ्यायला ताज्यातवान्या माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास लागतो, आणि तोसुद्धा त्याचं लक्ष तिकडेच असेल तर.

वायवीय (हवेच्या दाबावर चालणाऱ्या) क्लचचे नवे प्रेस अर्ध्या वाटेत थांबतात. त्यांच्यापुढे प्रकाशाचा पडदा असलेला सेन्सर लावला, की हात आत गेल्याबरोबर प्रेस थांबतो. पण तोच सेन्सर पिन क्लचच्या प्रेसला लावला तर तो दिव्यापलीकडे काहीच नाही. हात दिसला तरी मशीन थांबू शकत नाही. मी स्वतः असे सेन्सर बसवलेले पाहिले आहेत, ग्राहक कंपनीचं ऑडिट जवळ आलं की. तपासणीला आलेले साहेब दिवा लागलेला पाहून खूण करून जातात. पिन क्लचच्या प्रेसला पक्का, नटबोल्टने आवळलेला गार्ड हवा, ज्याच्या खाचेतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. नाहीतर असं फाटक हवं जे बंद झाल्याशिवाय पिन अडकतच नाही. दोन्ही गोष्टी भोसरीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याला बनवता येतात.

आता हातांचं गणित. आमच्याकडे तासाला ७०० पीसचं टार्गेट असतं. पत्रा ठेवायला एकदा आणि पीस काढायला एकदा, म्हणजे तासाला १,४०० वेळा हात डायखाली जातो. आठ तासांच्या पाळीत अर्धा तास सुट्टी वजा केली तर १०,५००. बारा तासांच्या पाळीत एक तास वजा केला तरी १५,४००. मंत्रिमहोदय, तुमच्या निर्णयाने वाढलेले तास आमच्या हिशोबात असे दिसतात. आणि हे वाढलेले पाच हजार पहिल्या पाच हजारांसारखे नसतात. पहाटे पाचनंतर पोरं डोळे उघडे ठेवून झोपतात. हात आणि पाय यांचा ताल सुटतो. हात अजून आत असतो आणि पाय सवयीने खाली गेलेला असतो. मी ते रोज बघतो. गल्लीतून फिरताना पोरांच्या पाठीवर थाप मारत जातो, तोंडावर पाणी मारून यायला पाठवतो. सुरक्षेच्या नावाने माझ्या हातात तेवढंच आहे.

दुसरी तक्रार लेखी संमतीची. ज्या दिवशी पोरगा ठेकेदाराकडे लागतो त्या दिवशी त्याच्याकडून पाच-सहा कागदांवर सह्या घेतात. त्यातले काही कोरे असतात. बारा तासांची संमती त्याच गठ्ठ्यात जाणार हे प्रेस शॉपमधला कोणीही सांगेल. ज्याला उद्या गेटवरून परत पाठवता येतं, त्याच्या सहीला संमती म्हणू नका. दुप्पट पैशांचंही तेच. कायद्यात ते आजही आहे. आमच्याकडे रजिस्टरात आठ तास लागतात, वरचे चार तास पाकिटातून मिळतात, एकपट दराने. म्हणून मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: हो, आम्ही आधीपासून बारा तास जातो, पण आजवर ते चूक होतं. ते चूक आहे एवढा तरी आधार होता. एखादा पोरगा कधीतरी मालकाला म्हणू शकत होता की साहेब, कायद्यात नऊच आहेत.

ती नऊ तासांची ओळ कुठून आली हे मंत्रालयात कोणाला सांगायला नको. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगाराला १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी मिळाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, १९४६ साली, कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. हा तासांचा हिशोब याच राज्यातल्या माणसांनी मांडलेला आहे.

तिसरी गोष्ट शिक्षेची. यंत्राचा धोकादायक भाग भक्कम आडोशाने बंदिस्त असला पाहिजे, आणि यंत्र चालू असेपर्यंत तो आडोसा जागेवर असला पाहिजे, असं १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम २१ सांगत होतं. इतका स्पष्ट कायदा होता. तो मोडून गंभीर इजा झाली तर कमीत कमी दंड ५,००० रुपये होता. मृत्यू झाला तर २५,०००. तुरुंगवासाची तरतूद होती, पण मी २६ वर्षांत गार्ड नव्हता म्हणून आत गेलेला एकही मालक पाहिला नाही. गार्ड बसवला की प्रत्येक पीसला एक-दोन सेकंद जास्त लागतात. त्या सेकंदांची किंमत महिन्याला ५,००० पेक्षा कितीतरी जास्त होते. हिशोब करणारा माणूस काय निवडेल?

आणि ज्याचं बोट गेलं त्याचा हिशोब असा. एका हाताची दोन बोटं म्हणजे २० टक्के. १५,००० पगार असेल तर ईएसआयकडून (कामगारांच्या सरकारी विमा योजनेकडून) त्याच्या ९० टक्क्यांचे २० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण २,७०० रुपये, आयुष्यभर. तेही त्याचं नाव ईएसआयमध्ये असेल आणि अपघात कामावर झाला असं कागदावर असेल तर. कामाला लागल्याच्या पहिल्या दिवसापासून अपघाताचं संरक्षण मिळतं हे पोरांना माहीत नसतं, आणि सांगायला कोणी जात नाही. त्या हिंगोलीच्या पोराचं नाव त्याच आठवड्यात यादीवर चढलं. मोटारसायकलचा कागद मागे घ्यायला आम्हाला सात महिने लागले. शेवटी मीच लेखी दिलं की अपघात प्रेसवर झाला आणि मी समोर होतो. नोकरी गेली, दोन महिन्यांनी दुसरीकडे लागलो. ते मी मोठेपणासाठी सांगत नाही. सात महिने उशीर झाला होता. तो आता गावाकडे एका किराणा दुकानात बसतो. पेन धरायला डाव्या हाताने शिकला.

चौथी तक्रार मोठ्या कंपन्यांकडे आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. पीसला बर (कडेला धारदार कंगोरा) राहिली, भोक अर्धा मिलिमीटर सरकलं, गाडी दोन तास उशिरा पोहोचली, तर तुमच्याकडून संध्याकाळपर्यंत मेल येतो आणि बिलातून पैसे कापले जातात. दहा लाखांत किती पीस खराब निघाले याचा तक्ता तुमच्याकडे प्रत्येक व्हेंडरच्या नावाने आहे. त्या व्हेंडरकडे वर्षात किती बोटं गेली याचा तक्ता आहे का? तुमच्या स्वतःच्या प्लांटमध्ये प्रेसजवळ पिवळी रेघ ओलांडली तरी शिट्टी वाजते. तोच पत्रा ज्या शेडमध्ये कापला जातो तिथे पेडल आणि उघडी डाय असते, हे तुमच्या खरेदी विभागाला माहीत नाही असं मी मानत नाही. दरवर्षी तुम्ही आमच्या मालकाकडून दर कमी करून घेता. तो मालकही काही राक्षस नाही. त्याच्यावर मशीनचं कर्ज आहे, तुमचं पेमेंट तीन-तीन महिने येत नाही. तुम्ही त्याच्याकडून कापलेला पैसा तो शेवटी गार्डमधून आणि झोपेतून काढतो.

डोंबिवलीत २३ मे २०२४ ला रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, इथे शेजारी तळवड्यात ८ डिसेंबर २०२३ ला वाढदिवसाच्या फुलबाज्या-मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये बाया होरपळल्या, तेव्हा सगळं राज्य हादरलं, आणि ते बरोबरच होतं. प्रेस शॉपमध्ये एका वेळी एकाच माणसाला इजा होते. धूर निघत नाही, आवाज शेजारच्या शेडपर्यंत जात नाही. त्यामुळे चौकशी समिती बसत नाही.

सुरक्षा सप्ताहाबद्दल दोन शब्द. दरवर्षी ४ मार्चला आम्हाला शपथ देतात. बिल्ला लावतात, "सावध राहा, सुरक्षित राहा" असा फलक लागतो. पोरांनी सावध राहावं हे मीही सांगतो. पण तासाला १,४०० वेळा सावध राहायला माणूस जन्माला आलेला नाही. सावधपणा संपतो तिथून पुढे लोखंडाने राखलं पाहिजे.

आमच्या मागण्या:

१. ज्या कामात हात यंत्राच्या चालत्या भागाखाली जातो, म्हणजे पॉवर प्रेस, शिअरिंग, मोल्डिंग, रोलिंग, त्या कामांना १२ तासांच्या परवानगीतून पूर्णपणे वगळा. मालक काय म्हणतो, कामगाराने सही केली का, याचा इथे प्रश्न येऊ नये.

२. राज्यातल्या प्रत्येक पॉवर प्रेसची नोंदवही करा. कुठल्या क्लचचा, कुठला गार्ड, पिन, स्प्रिंग आणि ब्रेक शेवटचे कधी तपासले. ही माहिती मशीनवरच मराठीत आणि हिंदीत पाटीवर लिहिलेली असावी. पाळी सुरू होताना सेटरने तपासून सही करायची, आणि गार्ड नसेल तर "मशीन चालणार नाही" असं म्हणण्याचा अधिकार सेटरला लेखी द्यायचा. त्या रात्री माझ्या हातात असा कागद असता तर मी काय केलं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कागद असायला हवा होता.

३. पिन क्लचच्या प्रेसवर पेडल आणि उघडी डाय एकत्र चालणार नाही, यासाठी एक ठरावीक तारीख जाहीर करा. छोट्या मालकाला गार्डसाठी आणि क्लच बदलण्यासाठी कमी व्याजाचं कर्ज द्या. गुंतवणूक आणायला सवलती देता येतात, तर याला का नाही?

४. बोट किंवा हात तुटलेला रुग्ण आला की रुग्णालयाने तो थेट औद्योगिक सुरक्षा संचालनालयाला कळवावा, मग ते ईएसआयचं असो की खासगी. सोबत आलेला माणूस काय सांगतो यावर थांबू नये. प्रेसखाली चिरडलेलं बोट आणि चेनमध्ये अडकलेलं बोट डॉक्टरला वेगळं ओळखू येतं. कळवल्यावर तपासणी होईपर्यंत ते मशीन सील राहावं.

५. मोठ्या कंपन्यांनी आपल्या व्हेंडरकडे वर्षभरात झालेल्या अपघातांचा आकडा जाहीर करावा आणि गार्डचा खर्च पार्टच्या दरात धरावा. ज्या व्हेंडरने अपघात खरा कळवला त्याची ऑर्डर काढून घेऊ नका, नाहीतर पुन्हा सगळेच मोटारसायकलवरून पडायला लागतील.

६. कामगारांच्या आकड्याची अट सुरक्षेला लावू नका. १९४८ च्या कायद्यात १,००० माणसांच्या कारखान्याला सुरक्षा अधिकारी सक्तीचा होता, आणि बोटं जातात ती १५-२० माणसांच्या शेडमध्ये. २०२० च्या नव्या संहितेत तर वीज वापरणारा कारखाना २० कामगारांपासून पुढेच धरला आहे. आजच एका शेडमध्ये भिंत घालून तीन नावांच्या पाट्या लावलेल्या सापडतात. पंचाला खाली येताना शेडमध्ये किती माणसं आहेत हे कळत नाही.

यातलं काहीच नवीन शोधून काढायचं नाही. बरंचसं कायद्यात आहे, उरलेलं मशीनच्या दुकानात विकत मिळतं.

संचालक साहेब, २६ वर्षांत मी काम केलेल्या शेडमध्ये तुमच्या खात्याचे अधिकारी मला तीन वेळा दिसले. तिन्ही वेळा येण्याआधी फोन आला होता आणि प्रेस बंद करून पोरांना मागच्या गेटने बाहेर पाठवलं होतं. तुमच्याकडे माणसं कमी आहेत हे मला कळतं. म्हणून एक सुचवतो. १ ऑक्टोबरला खंडेनवमी आहे. त्या दिवशी सगळ्या शॉपमध्ये प्रेस धुऊन पुसून ठेवलेले असतात, झेंडूचा हार घातलेला असतो आणि गेट सगळ्यांसाठी उघडं असतं, शेजारीपाजारीसुद्धा पेढे खायला येतात. त्या दिवशी या. मशीन थांबलेलं असतं, त्यामुळे गार्ड आहे की नाही हे लांबूनही दिसतं. कुठला प्रेस पिन क्लचचा आणि कुठल्या सेन्सरला नुसता दिवा आहे, हे ओळखायला कोणी सोबत हवं असेल, तर मी सकाळी आठपासून रिकामा आहे.

आपला,
एक प्रेस शॉप सुपरवायझर
भोसरी, १४ सप्टेंबर २०२५